स्क्रीनवर हजारावर प्रॉब्लेम दिसतायत, झॅबिक्समध्ये काय बदलू?

प्रश्न थोडक्यात असा. एका जिल्ह्यातली सहकारी बँक, मुख्यालय आणि १४० शाखा. प्रत्येक शाखेत राऊटर, स्विच, यूपीएस, एक मुख्य लिंक, एक फोरजीची बॅकअप लिंक, काही ठिकाणी एटीएम. नेटवर्कवर नजर ठेवणारं झॅबिक्स ६.४ हे सॉफ्टवेअर बसवलंय, टेम्प्लेट्स (प्रत्येक प्रकारच्या उपकरणासाठीच्या तयार नियमांचे संच) बहुतेक सोबत आलेलीच आहेत. भिंतीवरच्या टीव्हीवर प्रॉब्लेम्सची यादी दिवसभर चालू असते आणि प्रॉब्लेम्सच्या पानावर तळाशी आकडा कायम ‘१०००+’. गेल्या आठवड्यात एका शाखेची मुख्य लिंक सकाळी साडेसातला गेली. टीव्हीवर ती नोंद आली असणारच, पण कुणाच्या नजरेस पडली नाही. अकराला शाखाधिकाऱ्यांचा फोन आला की सगळं फार हळू चाललंय. आता वरून आदेश आलाय, ‘डिस्प्ले नीट करा’. तर कोणत्या सेटिंग्ज बदलायच्या?

आधी त्या ‘१०००+’चं बोलू. तो तुमच्या प्रॉब्लेम्सचा आकडा नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, जनरल, जीयूआय या पानावर शोध आणि फिल्टरच्या निकालांना एक मर्यादा घातलेली असते, ती मुळात १००० असते. खरे प्रॉब्लेम अकराशे असोत की नऊ हजार, तुम्हाला १०००+ एवढंच दिसणार. काही जण ही मर्यादा वाढवून मोकळे होतात. करू नका, पान जड होईल आणि हाती काही लागणार नाही.

साडेसातची लिंक का दिसली नाही, याचंही उत्तर साधं आहे. डॅशबोर्डवरचा प्रॉब्लेम्स विजेट (यादीची चौकट) मुळात २५ ओळी दाखवतो आणि वेळेनुसार, म्हणजे नवं सगळ्यात वर, अशी मांडणी करतो. सकाळी शाखांमधले राऊटर, संगणक, प्रिंटर सुरू होताना मिनिटाला दोन-चार नोंदी येत असतील, तर साडेसातची नोंद पावणेआठपर्यंत खाली जाऊन टीव्हीच्या बाहेर पडते. त्यानंतर ती फक्त डेटाबेसमध्ये उरते. विजेटमध्ये ‘सॉर्ट’ तीव्रतेवर ठेवलं असतं, तर कदाचित दिसली असती. कदाचित अशासाठी म्हणतो की तुमच्याकडे ‘हाय’ तीव्रतेच्याच तीनशे नोंदी असणार.

डिस्प्लेच्या सेटिंग्ज सांगतो, पण त्या शेवटी. नको असलेली नोंद दोन ठिकाणी अडवता येते: ती तयार होण्याआधी, किंवा तयार झाल्यावर पडद्यावर येण्याआधी. दुसरं काम पाच मिनिटांत होतं, म्हणून सगळे तेच करतात. फिल्टरमध्ये ‘हाय’ आणि ‘डिझास्टर’ या सगळ्यात वरच्या दोन तीव्रतांवर टिक, बाकी सगळं बंद. पडदा स्वच्छ, साहेब खूश. मीही एका ठिकाणी हे केलंय. तिथल्या मुख्य स्विचला दोन पॉवर सप्लाय होते. एक गेला, टेम्प्लेटमध्ये त्याची तीव्रता ‘अ‍ॅव्हरेज’ होती, मी अ‍ॅव्हरेज लपवलेलं होतं. तीन आठवड्यांनी दुसरा गेला आणि अख्खं कार्यालय बसलं. नोंद तीन आठवडे पडून होती, अगदी तारीख-वेळेसह. त्या दिवसापासून फिल्टरला मी हात लावतो तो सगळ्यात शेवटी.

तर सुरुवात रिपोर्ट्समधल्या ‘ट्रिगर्स टॉप १००’पासून करा. कोणता ट्रिगर (प्रॉब्लेम केव्हा मानायचा याची अट) किती वेळा पलटला, याची ती उतरत्या क्रमाने यादी आहे. कालावधी ३० दिवसांचा घ्या. माझा अनुभव असा की पहिल्या पंधरा-वीस ओळींतच बहुतेक गोंगाट सापडतो. चहा घेऊन बसा, प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हे आलं की आपण काय करतो? उत्तर ‘काही नाही’ असेल तर तो ट्रिगर बंद करा किंवा ‘इन्फर्मेशन’वर उतरवा. उत्तर ‘फोन करतो’ असेल तर ठेवा. ‘बघतो’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, काय बघतो?

शाखांच्या जाळ्यात गोंगाटाचे प्रकार ठरलेले असतात. पहिला म्हणजे संध्याकाळ. शाखेतला शिपाई सहाला निघताना मेन स्विच पाडतो, सगळी शाखा लाल होते. १४० शाखांचे प्रत्येकी चार-पाच प्रॉब्लेम, रोज. यावर उपाय मेंटेनन्सचा. ज्या शाखा रात्री खरोखर बंद होतात त्यांचा एक होस्ट ग्रुप (उपकरणांचा गट) करा आणि त्यावर रोजचा आवर्ती मेंटेनन्स लावा, संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेनऊ. प्रकार ‘विथ डेटा कलेक्शन’ ठेवा, म्हणजे मोजणी चालू राहते, फक्त प्रॉब्लेम ‘सप्रेस्ड’ होतात आणि यादीतून आपोआप जातात. एटीएम आणि त्याच्या वाटेतला राऊटर या ग्रुपमध्ये घालू नका. जिथे एटीएम आहे तिथे मेन पाडला जातच नसणार, पण एकदा विचारून घ्या, काही शाखांत भलत्याच गोष्टी चालतात. यातला खरा फायदा सकाळी दिसतो. साडेनऊला मेंटेनन्स संपला की जी शाखा अजून उठलेली नाही तिचा प्रॉब्लेम पडद्यावर येतो, बँक उघडायच्या आधी अर्धा तास. पण त्याची वेळ आदल्या संध्याकाळची, सव्वासहाची असते. वेळेनुसार मांडणी असेल तर तो थेट यादीच्या तळाशी उगवेल! सॉर्ट तीव्रतेवर हवं म्हणतो ते यासाठीही.

दुसरा प्रकार फ्लॅप होणाऱ्या लिंकचा. पावसाळ्यात आरएफ (रेडिओ) लिंक दर दहा मिनिटांनी पडते-उठते असं धरा. आठ तासांत ४८ प्रॉब्लेम आणि ४८ रिकव्हरी, एकाच शाखेच्या ९६ इव्हेंट. टेम्प्लेटमधला पिंगचा, म्हणजे उपकरण उत्तर देतं का हे तपासणारा, ट्रिगर शेवटच्या तीन पिंगमध्ये एकही उत्तर नसेल तर पेटतो आणि एक उत्तर आलं की विझतो. पेटण्याची अट ठीक आहे, विझण्याची फार सैल आहे. ट्रिगरमध्ये ‘ओके इव्हेंट जनरेशन’ला ‘रिकव्हरी एक्स्प्रेशन’ निवडा आणि तिथे लागोपाठ पाच पिंग यशस्वी झाल्याशिवाय बरं झालं म्हणू नका. ४८ तुटक प्रॉब्लेमच्या जागी एक सलग प्रॉब्लेम दिसेल आणि पुरवठादाराशी बोलताना ‘सकाळपासून लिंक वाईट आहे’ हे एकाच ओळीत दाखवता येईल. बँडविड्थचंही तसंच. ९० टक्क्यांवर १५ मिनिटं राहिली तर पेटवा, ८०च्या खाली आल्यावर विझवा. मधला दहा टक्क्यांचा पट्टा हाच सगळा उपाय आहे.

हे बदल सोबत आलेल्या मूळ टेम्प्लेटमध्ये करू नका. पुढे कधी नवी आवृत्ती आयात केली की पुसले जातील. टेम्प्लेटची प्रत काढा, नाव बदला, तिच्यात करा. आकड्यांचे बदल मात्र होस्टवर मॅक्रोनेच, म्हणजे त्या उपकरणापुरत्या बदलता येणाऱ्या किमतीनेच, करता येतात. नको असलेल्या पोर्टसाठीही मॅक्रो आहे. इंटरफेसच्या टेम्प्लेटमध्ये आयएफकंट्रोल नावाचा मॅक्रो असतो, त्याला पोर्टच्या नावाचा संदर्भ देऊन किंमत शून्य केली की त्या पोर्टचा ‘लिंक डाऊन’ अलार्म बंद होतो. शाखेतल्या २४ पोर्टच्या स्विचवर वर जाणारं एक, एटीएमचं एक आणि सर्व्हर असेल तर त्याचं एक, एवढी पोर्ट सोडून बाकी सगळी शून्य करा. कॅशियरने संगणक बंद केला ही बातमी मुख्यालयाला नको असते.

आता तिसरा प्रकार. माझ्या मते तुमचं निम्मं दुखणं इथे आहे.

शाखेचा राऊटर पडला की मागचं सगळं दिसेनासं होतं. स्विच, यूपीएस, एटीएम, बायोमेट्रिक मशीन, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, सगळ्यांचे स्वतंत्र प्रॉब्लेम. झालं आहे एक, दिसतात आठ. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या टेक्साको रिफायनरीत स्फोट झाला. चौकशीत असं निघालं की स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. प्रत्येक अलार्म ओळखायचा, पोच द्यायची आणि त्यावर काही करायचं. दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ प्रत्येकाला. बँकेत स्फोट होत नाही हे खरं, पण माणसाचा डोळा तोच आहे.

झॅबिक्समध्ये यावर ट्रिगर डिपेंडन्सी आहे. स्विचचा ‘पिंग नाही’ हा ट्रिगर राऊटरच्या ‘पिंग नाही’ या ट्रिगरवर अवलंबून ठेवला, की राऊटर प्रॉब्लेममध्ये असेपर्यंत स्विचच्या ट्रिगरची स्थिती बदलतच नाही. प्रॉब्लेम तयार होत नाही, मेसेज जात नाही. सोबतच्या टेम्प्लेट्समध्ये एका उपकरणाच्या आतल्या डिपेंडन्सी आधीच असतात, उदाहरणार्थ एसएनएमपीचं (उपकरणाला त्याची मोजमापं विचारण्याची पद्धत) उत्तर नाही हा ट्रिगर पिंगवर अवलंबून असतो. पण तुमच्या शाखेत कशामागे काय जोडलंय हे टेम्प्लेटला कसं कळणार? ते तुम्हालाच सांगावं लागतं. १४० शाखांसाठी हाताने करू नका. होस्टची नावं शिस्तीत असतील, म्हणजे शाखेचा क्रमांक आणि पुढे राऊटर, स्विच, यूपीएस, तर एपीआयवर (प्रोग्रॅममधून झॅबिक्सला आज्ञा देण्याची सोय) छोटी स्क्रिप्ट लिहून एका दुपारी होतं. नावं शिस्तीत नसतील तर आधी नावं सुधारा. त्याला आठवडा लागला तरी चालेल.

डिपेंडन्सीत एक फसगत ठरलेली असते. स्विचची पिंग राऊटरच्या आधी तपासली गेली तर स्विचचा प्रॉब्लेम आधी पेटतो आणि डिपेंडन्सी असूनही यादीत येतो. म्हणून मालक लवकर पेटला पाहिजे, आश्रित उशिरा. राऊटर तीन पिंगवर, मागची उपकरणं पाच पिंगवर. आणि राऊटरचा ट्रिगर कुणी डिसेबल केला तर मागची डिपेंडन्सीही निकामी होते. एकदा कुणीतरी ‘हा राऊटर सारखा ओरडतो’ म्हणून त्याचा ट्रिगर बंद केला आणि त्या दिवशी मागची आठही उपकरणं ओरडू लागली, हे मी बघितलंय. ते कोडं सोडवायला मला दीड तास लागला.

जे नातं जोडणीत नसतं त्याचं काय? रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली आणि एका तालुक्यातल्या बारा शाखा एकदम गेल्या, तर ते बारा राऊटर एकमेकांवर अवलंबून नाहीत. त्यासाठी ६.४मध्ये ‘कॉज’ आणि ‘सिम्प्टम’ आलेत. बारापैकी एक मूळ कारण म्हणून ठेवा, बाकीचे अकरा निवडून त्याची लक्षणं म्हणून मार्क करा. यादीत एकच ओळ राहते, बाकीच्या तिच्या पोटात जातात. फिल्टरमधलं ‘शो सिम्प्टम्स’ टीव्हीवर बंद ठेवा. हे हाताने करावं लागतं, पण अशा दिवशी तेवढे तीस सेकंद परवडतात.

यूपीएससाठी थोडं थांबतो, कारण बहुतेक ठिकाणी तो अलार्म ‘वॉर्निंग’मध्ये कुजत पडलेला असतो. शाखेत लाईट गेली की यूपीएस बॅटरीवर जातो आणि बॅटरी संपली की राऊटर पडतो. मधे अर्धा-पाऊण तास असतो. राऊटर पडल्यावर आपण शाखेत फोन करतो, तेव्हा जनरेटर लावायला सांगण्यापलीकडे काही उरत नाही. तोच फोन बॅटरीवर गेल्या-गेल्या केला तर शाखा बंदच पडत नाही. म्हणजे दोन्हींत कामाचा अलार्म पहिला. आरएफसी १६२८ हे यूपीएससाठीचं प्रमाण पाळणाऱ्या यूपीएसमध्ये ‘आउटपुट सोर्स’ ही किंमत ३ असली की वीज नेहमीची, ५ असली की बॅटरी. किंमत ५ होऊन तीन मिनिटं झाली की पेटवा, तीव्रता निदान अ‍ॅव्हरेज, आणि नावात सरळ लिहा ‘शाखा बॅटरीवर चालू आहे’. तीन मिनिटं यासाठी की लाईटचा झटका येऊन जातो तेव्हा कुणाला उगाच पळवू नये.

ट्रॅपबद्दल मोजकंच. ट्रॅप म्हणजे उपकरण स्वतःहून पाठवतं तो संदेश. तो यूडीपीवर येतो, पोर्ट १६२, हरवला तर पाठवणाऱ्याला पत्ता नसतो. ‘लिंक डाऊन’चा ट्रॅप आला आणि ‘लिंक अप’चा हरवला, तर तो प्रॉब्लेम जन्मभर उघडा राहील. म्हणून एकाच गोष्टीचा ट्रॅपही आणि पोलिंगही (आपण ठरावीक वेळाने विचारणं) असेल, तर अलार्म पोलिंगवर ठेवा आणि ट्रॅप नुसता इतिहासात साठवा. जे फक्त ट्रॅपनेच कळतं त्या ट्रिगरला ‘अलाऊ मॅन्युअल क्लोज’ द्या. ‘प्रॉब्लेम इव्हेंट जनरेशन मोड’ ‘मल्टिपल’ असेल तर प्रत्येक ट्रॅपमागे नवा प्रॉब्लेम बनतो हे लक्षात असू द्या. तुमच्या हजारातले दोनशे इथून आलेले असले तरी मला आश्चर्य वाटणार नाही. सिसलॉगमधून (उपकरणं पाठवतात त्या लॉगच्या नोंदी) तीव्रता उचलत असाल तर आकडे उलटे आहेत, सिसलॉगमध्ये ० सगळ्यात वाईट आणि ७ डीबग, झॅबिक्समध्ये ० अवर्गीकृत आणि ५ डिझास्टर.

आता तीव्रता. टेलिकॉममधून आलेल्यांच्या डोक्यात एक्स.७३३ या अलार्मच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची चौकट असते: क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग, शिवाय इंडिटर्मिनेट आणि क्लिअर्ड. झॅबिक्सचीही सहाच आहेत, पण तिथे ‘क्लिअर्ड’ ही तीव्रता नसून स्थिती आहे. जुळवत बसू नका. बँकेपुरती माझी वाटणी अशी: डिझास्टर म्हणजे मुख्यालयाचा गाभा किंवा एकाच वेळी अनेक शाखा, रात्री दोनला उठवलं तरी चालेल. हाय म्हणजे शाखा पूर्ण बंद, कामाच्या वेळेत लगेच फोन. अ‍ॅव्हरेज म्हणजे शाखा चालू आहे पण आधार गेलाय: मुख्य लिंक बंद पडून फोरजीवर, यूपीएस बॅटरीवर, दोनपैकी एक पॉवर सप्लाय गेलेला. हे सगळं आजच बघायचं. वॉर्निंग आठवड्यात. इन्फर्मेशन कधीच पडद्यावर नाही. तुमची साडेसातची लिंक या वाटणीत अ‍ॅव्हरेजमध्ये बसते, आणि म्हणूनच टीव्हीवरून अ‍ॅव्हरेज काढून टाकायचं नाही.

इथवर आलात की यादी शंभराच्या आत येते, तुमच्या आकाराच्या जाळ्यात तीस-चाळीसपर्यंतही. आता डिस्प्लेला हात घाला.

अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, जनरलमध्ये ‘ट्रिगर डिस्प्लेइंग ऑप्शन्स’ हे पान आहे. तिथे तीव्रतांची नावं आणि रंग बदलता येतात. मूळ रंगांत ‘हाय’ आणि ‘डिझास्टर’ एकमेकांच्या फार जवळ आहेत, एक केशरी लाल, दुसरा लाल. संगणकावर फरक कळतो, स्वस्त टीव्हीवर दहा फुटांवरून कळत नाही. डिझास्टर गडद जांभळा करा. लाल-हिरव्यात फरक न कळणारा एखादा सहकारी असेल तर त्याला विचारूनच रंग ठरवा, आणि नसेल असं गृहीत धरू नका, लोक सांगत नाहीत. नावं मराठीतही ठेवता येतात: इशारा, मध्यम, गंभीर, आपत्ती. ती सगळ्या वापरकर्त्यांना लागू होतात, त्यांची भाषा कोणतीही असो. एका ठिकाणी हौसेने हे केलं आणि एसएमएस पाठवणारी स्क्रिप्ट ‘डिझास्टर’ हा शब्द शोधत होती, ती गप्प झाली. स्क्रिप्टमध्ये तीव्रतेचं नाव न वापरता आकडा देणारा मॅक्रो वापरा, तो कधी बदलत नाही.

त्याच पानावर लुकलुकण्याचं बघा. कोणत्या स्थितीतल्या नोंदी लुकलुकाव्यात याचे चार टिक आहेत: पोच न दिलेले प्रॉब्लेम, पोच दिलेले, पोच न दिलेले सुटलेले, पोच दिलेले सुटलेले. पहिला सोडून तिन्ही काढा. लुकलुकण्याचा काळ मुळात दोन मिनिटं आहे, तो तेवढाच असू द्या, जास्त ठेवला की डोळा सरावतो. ‘डिस्प्ले ओके ट्रिगर्स फॉर’ म्हणजे सुटलेला प्रॉब्लेम किती वेळ ‘रीसेंट प्रॉब्लेम्स’मध्ये रेंगाळतो, मुळात पाच मिनिटं. टीव्हीवर ‘शो’मध्ये ‘प्रॉब्लेम्स’ निवडा म्हणजे सुटलेलं लगेच जाईल, आणि शिफ्टवरच्या माणसाच्या पानावर ‘रीसेंट प्रॉब्लेम्स’ ठेवा, त्याला काय येऊन गेलं तेही कळायला हवं.

टीव्हीसाठी स्वतंत्र वापरकर्ता करा. साधा ‘यूजर’ प्रकार, फक्त वाचण्याची परवानगी, ऑटो-लॉगआउट बंद, टाइम झोन कोलकाता. अ‍ॅडमिनच्या खात्याने टीव्ही चालवणारी कार्यालयं आहेत, तिथे झाडूवाल्या मावशींचा हात माऊसला लागला तरी काहीही होऊ शकतं. डॅशबोर्डची पानं आलटूनपालटून फिरवत असाल तर अलार्मचं पान त्या फेऱ्यात घालू नका, नाहीतर तीन पानांत तो दोनतृतीयांश वेळ दिसणारच नाही. त्याला स्वतःचा टीव्ही द्या, आलेख दुसरीकडे फिरू द्या. विजेटमध्ये सॉर्ट तीव्रतेवर उतरतं, सप्रेस्ड बंद, सिम्प्टम्स बंद. तीव्रता ‘अ‍ॅव्हरेज’पासून वर. आता हा फिल्टर लावायला हरकत नाही, कारण खाली जे उरलंय ते खरंच आठवड्यात बघण्याचं आहे. टॅग (प्रॉब्लेमला लावलेल्या चिठ्ठ्या) तीन दाखवता येतात आणि कोणते आधी हे प्राधान्यात लिहिता येतं. मी तालुका, सेवा आणि पुरवठादार हे तीन ठेवतो. एकाच पुरवठादाराच्या सहा ओळी एकाखाली एक दिसल्या की फोन कुणाला करायचा हे विचारावं लागत नाही.

प्रॉब्लेमचं नाव आणि ‘ऑपरेशनल डेटा’ यांतला फरक नीट वापरा. नाव प्रॉब्लेम तयार होताना गोठतं. ऑपरेशनल डेटा आत्ताची किंमत दाखवतो. ‘बॅटरी ७८ टक्के’ असं नावात घातलंत तर दोन तासांनीही ७८च दिसेल. नावात काय झालं ते लिहा, चालू आकडा ऑपरेशनल डेटात, आणि विजेटमध्ये तो नावाबरोबर दिसेल असं निवडा.

पोच देण्याचं एक. अ‍ॅक्नॉलेज केलं म्हणजे प्रॉब्लेम सुटला असं नाही. पत्राची पोच देतो तशीच ही, मिळालं एवढंच. एका जागी सकाळच्या पाळीतला मुलगा आल्या-आल्या सगळं निवडून एका फटक्यात पोच देऊन टाकायचा, स्क्रीन शांत दिसावी म्हणून. त्याला कुणी वाईट म्हणेल, पण चारशे नोंदी समोर टाकल्यावर दुसरं काय करणार? यादी लहान झाली की नियम करा, पोच देताना दोन शब्द लिहायचेच: कुणाला फोन केला, पुन्हा कधी बघणार. तिकीट काढलंय आणि चार दिवस काही होणार नाही, अशा प्रॉब्लेमला पोच न देता ‘सप्रेस’ करा, तारीख घालून. त्या तारखेला तो स्वतःहून परत येतो. मुदत नसलेलं सप्रेस शक्यतो वापरू नका, ते विसरलं जातं.

आणि शेवटी उलट बाजू. पडदा रिकामा असेल तर? १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली, सुमारे पाच कोटी लोक अंधारात. ओहायोतल्या फर्स्टएनर्जीच्या नियंत्रण कक्षातली अलार्म यंत्रणा दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी अडकली होती. लाइनी पडत होत्या आणि पडदा शांत होता, ऑपरेटरांना अलार्म बंद पडल्याचं तासाभराहून अधिक काळ कळलंच नाही. झॅबिक्समध्ये हेच लहान प्रमाणात रोज होतं. उपकरणाचं फर्मवेअर बदललं आणि आपण विचारतो ती किंमत त्यात उरली नाही, की आयटम (ते एक मोजमाप) ‘नॉट सपोर्टेड’ होतो, ट्रिगर ‘अननोन’ होतो, आणि प्रॉब्लेम्सच्या पानावर त्याचं अक्षरही येत नाही, कारण तो ‘इंटर्नल इव्हेंट’ आहे. अलर्ट्स, अ‍ॅक्शन्समध्ये ‘इंटर्नल अ‍ॅक्शन्स’ चालू करून त्याचा मेल स्वतःला घ्या. जोडीला एक जिवंतपणाची खूण ठेवा. मुख्यालयातल्या रॅकमध्ये पडलेला एखादा जुना राऊटर मॉनिटरिंगला जोडा आणि रोज सकाळी पावणेदहाला हाताने त्याची केबल काढा. टीव्हीवर लाल झालं, आवाज आला, मोबाइलवर मेसेज आला, की केबल परत लावा. आवाज मुद्दाम तपासा. टीव्हीचा संगणक रात्री रीस्टार्ट झाला असेल तर क्रोमसारखा ब्राउझर पानावर कुणी एकदा क्लिक करेपर्यंत आवाज वाजू देत नाही, आणि सगळ्या सेटिंग्ज बरोबर असूनही टीव्ही मुका राहतो. केबल काढणारा माणूस टीव्हीसमोर येतोच, तेव्हा एक क्लिक त्यालाच करू द्या.